कागदावरचा धंदा

अधू पायांसाठी बूट शिवणाऱ्या बाबांना आता चार कारागिरांची छोटी कंपनी काढायची होती. औद्योगिक वसाहतीत गाळा हवा असेल, तर आधी बिझनेस प्लॅन द्या, असं सांगण्यात आलं. "मला टाके घालता येतात, वाक्यं नाही," बाबा म्हणाले. मग लेकीने रजा काढली आणि त्यांना विचारून विचारून बारा पानं लिहिली.

मुलाखतीला दोघं गेली. साहेबांनी पानं चाळून चष्मा काढला.

"लिहिलंय झकास. पण कागदावर सगळ्यांचाच धंदा चालतो. बाहेर तुमचे बूट चालतील, हे कशावरून?"

लेक उठली, दारापर्यंत चालत गेली आणि वळून पुन्हा खुर्चीत येऊन बसली.

"काही विसरलात का बाहेर?" साहेबांनी विचारलं.

"नाही. माझा डावा पाय जन्मापासून दोन इंच आखूड आहे," ती म्हणाली. "बूट बाबांनी शिवलेत."

साहेब टेबलावरून वाकून तिच्या पायांकडे बघतच राहिले.

बाबा खुर्चीत ताठ बसले. "दोन नाही, साहेब. सव्वादोन."