पावलावरच्या मुंग्या

"दंडावर किती दुखतं?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"दंडावर काही नाही हो काका. नुसतं चिमटे काढल्यासारखं," राजस हातमोजे चढवत म्हणाला. टॅटूचा हा स्टुडिओ त्याचाच.

"आणि मांडीवर?"

"बाहेरच्या बाजूला सोसतं. आतल्या बाजूला झोंबतं. पाठीवर ठीक, पण कण्यावर सुई आली की माणूस दातओठ खातो. बरगड्यांवर तर भलेभले पैलवान देवाचा धावा करतात."

"पावलावर?"

"ते नका विचारू. नुसती कातडी आणि खाली हाड. ब्रह्मांड आठवतं."

"मग पावलावरच काढा."

राजसने मान वर करून पाहिलं. आजवर आलेले बाप "अगं, लग्न ठरायचंय तुझं" म्हणत यायचे, नाहीतर जिन्यातूनच परत फिरायचे. आणि हे सदाशिव पेठी गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, लेकीसाठी सगळ्यात जास्त दुखेल अशी जागा मागत होते! अद्दल घडवायची असेल पोरीला, दुसरं काय. असाही बाप असतो म्हणायचा. राजसला मनातून चीड आली.

लेक मात्र खुर्चीत निवांत रेलली होती. तनया तिचं नाव. राजस पोचायच्या आधीच दोघं येऊन बसली होती. गल्ल्यावरची अक्षता त्याच्या कानाशी कुजबुजली होती, "बाबांनी दोन जिने उचलून आणलंय राणीसरकारांना. लाड बघ!"

दुपार कलत होती. खिडकीच्या निळ्या पडद्यातून ऊन गाळून येत होतं आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसत होती. कर्वे रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा कुठून तरी लांबून, दुसऱ्याच गावातून आल्यासारखे वाटत होते.

"काय काढायचं?" राजसने तिला विचारलं.

"मुंग्या. बोटांकडून घोट्याकडे निघालेल्या, एका ओळीत."

"मुंग्या? लोक फुलं काढतात, पाखरं काढतात."

"काढू देत की. माझ्या पायाला मुंग्या यायला हव्यात," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. यज्ञेश्वरराव हसले नाहीत.

"दुखलं की सांग. थांबू आपण."

"सांगेन ना."

मशीन घूं घूं करू लागलं. तनयाने डोळे मिटले आणि झोपेत बोलावं तशी बोलू लागली. "काल स्वप्नात मी वेताळ टेकडीवर होते. अनवाणी. गवत नुसतं ओलं ओलं. मध्येच खडे लागायचे, तर मी मुद्दाम त्यांच्यावरच पाय देत होते. वर कोणीच नव्हतं. एक मोर होता, पण तो काही बोलत नव्हता."

"मोर कशाला बोलेल?"

"स्वप्नात बोलतात हो."

राजसला हसू आलं. त्या आवाजात, त्या निळ्या उजेडात त्यालाही गुंगी चढल्यासारखी झाली. हात आपोआप चालत होता. पहिली मुंगी झाली, तिच्या मागे दुसरी, मग आणखी एक. पाऊल जागचं हललं नाही. यज्ञेश्वरराव पावलाकडे बघतच नव्हते. ते लेकीच्या चेहऱ्यावरून नजर काढायला तयार नव्हते.

शेवटची मुंगी राहिली, घोट्याच्या हाडावरची. राजसने मशीन थांबवलं आणि मनापासून म्हणाला, "वाघीण आहे हो काका तुमची मुलगी! जिमवाले पोरगे इथे लाथा झाडतात. हिने हूं की चूं केलं नाही."

यज्ञेश्वररावांचा चेहरा पार उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कौतुक कसलं करताय," ते हळूच म्हणाले. "तेच तर ऐकायला आलो होतो मी. हूं नाहीतर चूं."

राजसला काही कळेना.

"दिवाळीत कात्रजच्या घाटात हिची स्कूटर घसरली. तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही हिला. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागलं की समजा, वाट मोकळी होतेय. रोज संध्याकाळी टाचणी घेऊन बसतो मी. पण बापाचा हात तो, टोचतोय कुठे धड! म्हटलं, परक्याकडे जावं. दयामाया न दाखवणाऱ्याकडे."

राजसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला आपण काय काय समजलो!

तनयाने डोळे मिटलेलेच ठेवून बापाचा हात चाचपत शोधला. "बाबा, एक मुंगी राहिलीय अजून."

"राहू दे बाळा. जाऊ घरी."

"घोट्यावर सगळ्यात जास्त दुखतं. हो ना?"

"हो," राजस कसाबसा म्हणाला. "हाडावर सगळ्यात जास्त."

यज्ञेश्वरराव पुन्हा लेकीच्या चेहऱ्यावर वाकले. त्यांचे ओठ हलत होते. कोणता देव आठवत होते, देव जाणे. राजसने पायाखालची कळ दाबली. मशीन घुमू लागलं.

"आई गं!" तनया किंचाळली.

"दुखलं?" यज्ञेश्वररावांनी तिचा हात घट्ट धरला. "तनू, खरंच दुखलं?"

"केवढं दुखलं बाबा!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दुकानदाराशीही कधी आवाज चढवून न बोललेला तो माणूस हसत, रडत बाहेर धावला. "अहो, दुखलं तिला! माझ्या पोरीला दुखलं!" अक्षता खुर्चीतून उठूनच उभी राहिली. तोवर त्यांनी फोन लावला होता. "नीरजा, अगं ओरडली ती! आई गं म्हणाली, तुझ्याच नावाने ओरडली! थांब, पेढे घेऊनच येतो." जिन्यावरून उतरणाऱ्या चपला खालपर्यंत ऐकू आल्या.

खोली पुन्हा निळी, शांत झाली. तनयाने डोळे उघडले आणि राजसकडे पाहिलं. कळीवरचा पाय काढायचं त्याला सुचलं नव्हतं. मशीन तसंच घुमत होतं आणि सुई अजून शाईच्या वाटीतच होती.