सांबरशिंगाची मूठ

"काका, हा चाकू कुठला असेल?" फौजदार मेघाली सोनावणे यांनी मोबाइल पुढे सरकवला.

केसरीनाथ म्हात्रेंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. जुन्या हत्यारांचं काही निघालं की राहनाळची माणसं त्यांच्याच घराकडे बोट दाखवत. त्यामुळे भर दुपारी दारात पोलिसांची जीप थांबली, तरी शेजाऱ्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. बाहेर गोदामांकडे निघालेल्या कंटेनरांनी खिडकीची तावदानं थरथरत होती.

फोटोतला चाकू वीतभर पात्याचा होता. पाठीला किंचित बाक, मूठ सांबराच्या शिंगाची. अकलोलीच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या घरून बावीस वर्षांपूर्वी तो त्यांनीच आणला होता.

"सांगता येत न्हाय," ते म्हणाले. "असे पुष्कळ असतात."

फोटो परत देताना त्यांना पात्याच्या कडेची पांढरी रेघ दिसली. नवी धार. केसरीनाथ आपल्या पात्यांना कापडाच्या लूममध्ये घालतात ते पातळ तेल चोळत, पण धार कधी लावत नसत. धार लावली की जुनं पातं बाटलं, असं ते म्हणत. त्यांच्या मुलाला, सागरला, हे लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणजे पोरानं चाकू नुसता धाक दाखवायला नेला नव्हता.

परवा सकाळी सागर फोनवर आपल्या लहानपणच्या मित्राशी, जीवनशी, भांडत होता. रूपाचं लग्न आधी जीवनशी ठरलं होतं. ते मोडलं, आणि महिन्याभरात तिनं सागरला होकार दिला. तेव्हापासून जीवन फाटकाशी येऊन नाही नाही ते बोलून जायचा. खरं तर तो याच घरात, सागरच्या ताटात जेवून मोठा झालेला. परवा दुपारी केसरीनाथ झोपून उठले तर हत्यारांच्या कपाटाची किल्ली कुलुपालाच लटकत होती. शिकारी चाकू जागेवर नव्हता आणि सागरचा फोन बंद होता.

आज सकाळी दूधवाल्यानं सांगितलं, खाडीकाठी एका तरण्या माणसाचं प्रेत सापडलंय, भोसकलेलं. कोणाचं, हे केसरीनाथांनी विचारलं नाही. जीवन गेला होता आणि सागर पळाला होता. विचारण्यासारखं राहिलं काय?

फौजदारबाईंनी संग्रह पाहायला मागितला. केसरीनाथांनी कपाट उघडलं. ही कुकरी ब्रह्मदेशच्या लढाईतून परत आलेली. हा दुधारी खंजीर दुसऱ्या महायुद्धातला, अंगाला अंग भिडलं की वापरायचा. एरवी ही माहिती सांगताना त्यांना चहाची आठवण राहत नसे. आज ते एकेका वाक्यात उरकत होते.

एका लहान सुरीपाशी बाई थांबल्या. त्यांनी ती उचलली. खालच्या मखमलीवर तिच्याहून मोठ्या चाकूचा गडद ठसा होता. सुरी होती तशी ठेवून त्यांनी विचारलं, "मुलगा कुठे असतो तुमचा?"

"सागर? नाशिकला. मामाकडे. तीन दिवस झाले."

"बोलणं झालं त्याच्याशी?"

"कालच फोन आला होता त्याचा."

दाराशी उभ्या असलेल्या मोरू हवालदारानं बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे खुर्चीवर बसल्या आणि केसरीनाथांनाही त्यांनी बसायला सांगितलं.

केसरीनाथ बसले. सागर सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्याच्या वेण्या घालायच्या नव्हत्या, एवढंच काय ते सोपं होतं; बाकी सगळं आईपण त्यांनी निभावलं होतं. वैशाखात त्याचं लग्न होतं. आपली अडुसष्ट झाली, आता जगून बघायचं ते काय राहिलंय? त्यांना एकाएकी फार हलकं वाटलं.

"मॅडम, लिहून घ्या. चाकू माझाच हाय. मीच मारला त्याला."

बाई पुढे वाकल्या. "कोणाबद्दल बोलताय, कळतंय ना तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? या घरात वाढलेला पोर."

"मग का मारलंत?"

"लग्नावरून. समजावून थकलो, ऐकत नव्हता. तोंडाला तोंड द्यायला लागला. राग आवरला न्हाय."

हवालदारानं जबाब लिहिला. जागा कोणती, असं विचारल्यावर केसरीनाथांनी खाडीकाठ सांगितला. सोबत कोण होतं, असं विचारल्यावर कोणी नव्हतं, असं दोनदा सांगितलं. मग त्यांनी सही केली. नीट, पूर्ण नावाची.

बाईंनी आपली खुर्ची किंचित मागे घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या थंडपणे सांगणारा माणूस आपण पाहिला नव्हता, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतली किळस केसरीनाथांनी मुकाट्यानं सोसली.

"प्रेताची ओळख सकाळीच पटली," बाई म्हणाल्या. "ज्यानं पटवली, त्यानंच तुमच्या चाकूंचं सांगितलं. तो जीपमध्ये बसलाय. त्याच्यासमोर हेच पुन्हा सांगाल?"

"कोणाच्याही समोर सांगतो."

बाईंनी खूण केली. हवालदार बाहेर गेला. चपला काढल्याचा आवाज आला आणि दारात जीवन येऊन उभा राहिला.

केसरीनाथांचं तोंड उघडं राहिलं. जीवननं त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदाकडे, त्या ओल्या सहीकडे. क्षणभर सुटका झाल्यासारखे त्याचे खांदे सैल पडले. मग तो चौकटीला टेकून हुंदके देऊ लागला.

"काका," तो म्हणाला, "पोटच्या पोराला मारलंत? सागरवर हात उचलवला तरी कसा तुमच्यानं?"