रविवारचे टायर

टायर आझरुलने दुकानात शिरण्याआधीच ठरवले होते. रुंद, मऊ रबराचे, अंगावर नावाला चार खाचा. शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसे. दुकानाचा तौके, म्हणजे मालक, फूंग याने फळीवरून एक काढून दिला, तेव्हा आझरुलने तो लहान मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी घेतला.

"हाच. चारही," तो म्हणाला.

त्याची बायको हस्लिंदा बाकावर बसून प्लास्टिकच्या पिशवीतला बर्फाचा चहा नळीने पीत होती. गाडीचे टायर आठ महिन्यांत संपले होते आणि ते संपवल्याचा ठपका तिच्यावर होता.

"कोरड्या रस्त्यावर याला तोड नाही," फूंग म्हणाला. "पण पाण्यात घसरतो. आणि गरम झाल्याशिवाय रस्ता धरत नाही. गाडी कोण चालवतं?"

"मीच. म्हणजे रविवारी, मित्रांबरोबर घाटात." आझरुल हसला. "बाकीचे दिवस ही शाळेला नेते. तेवढ्याला काय, कुठलेही टायर चालतात."

तेवढ्याला! शाळा होती डोंगरावर, रिंगलेटला. त्यांच्या घरापासून, तापाहपासून, पंचेचाळीस किलोमीटर, सगळा घाट. सोमवार ते शुक्रवार हस्लिंदा पहाटे निघायची, आणखी तीन शिक्षिकांना गाडीत घेऊन. उतरताना बहुतेक रोज पाऊस. गेल्या बुधवारी एका वळणावर गाडी पाण्यावरून सरळ कठड्याकडे सरकली होती. तिघी किंचाळल्या. खाली आल्यावर हस्लिंदाने तिघींची माफी मागितली होती.

"पहाटे धुक्यात हे गरम कसे करायचे, अबांग?" तिने नवऱ्याला विचारलं. "चुलीवर?"

"तू फक्त फुटपाथला घासू नकोस, म्हणजे झालं." मग दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "तौके, ही गाडी लावायला लागली ना, की फुटपाथ आधी रडायला लागतो! म्हणून तर आठ महिन्यांत निकाल लागला."

पंक्चर निघायची वाट बघत बसलेला एक लॉरीवाला खो खो हसला. हा विनोद दोन वर्षं जुना होता आणि अजून खपत होता. शेजारीपाजारी, ऑफिसात, लग्नाच्या जेवणात. नवऱ्यांना एखादा विनोद गावला की ते तो झिजेपर्यंत वापरतात. हस्लिंदाला तर तो खराच वाटू लागला होता. दर शुक्रवारी शाळा सुटली की ती मैदानात दोन बादल्या ठेवायची आणि त्यांच्यामध्ये गाडी लावायचा सराव करायची.

फूंग हसला नाही. त्याने गाडीचे पुढचे दोन टायर उतरवून ठेवले होते. जुना टायर हाताने चाचपल्याशिवाय नवा विकायचा नाही, ही त्याची खोड. त्याने तळवा एका टायरवरून आडवा फिरवला, मग दुसऱ्यावरून. बाहेरच्या कडेला रबर पार झिजून आतले धागे दिसत होते.

"हे फुटपाथचं काम नाही," तो म्हणाला. "फुटपाथ लागला तर बाजूला चरे पडतात. इथे एक चरा नाही. हे वळणावर जळलेलं रबर आहे. वेगात वळणं मारली की नेमकी ही कड खाल्ली जाते. हात लावून बघा, बाई."

तिने हात लावला. कडेला रबराच्या बारीक गोळ्या वळल्या होत्या, खोडरबराने खोडल्यावर पडतात तशा.

"हा डावा की उजवा?"

"हा डावा, तो उजवा. दोन्ही सारखेच गेलेत."

हस्लिंदा सरळ उभी राहिली.

"अबांग, आपण रस्त्याच्या डावीकडून जातो. फुटपाथ डावीकडे. मग उजवा टायर मी कुठे घासला? रस्त्याच्या मधोमध?"

आझरुलने हातातला टायर खाली ठेवला. "अगं, गंमत होती ती..."

"गंमत? मी मैदानात बादल्या मांडल्या! सहावीतली पोरं येऊन म्हणाली, बाई, आम्ही शिकवू का? आणि बुधवारी आम्ही चौघी दरीत गेलो असतो, तर माझ्या कबरीपाशी उभं राहूनही तुम्ही हेच सांगितलं असतंत. हिला चालवता येत नव्हतं म्हणून!" लॉरीवाला छताकडे बघू लागला.

ती फूंगकडे वळली. "पाणी कापणारे कुठले?"

फूंगने खोल पन्हळींचा एक टायर पुढे केला. "हा. थंडीतही धरतो. पण रविवारची मजा नाही यात. जोरात वळवला की कुरकुरतो."

"कुरकुरू दे. चारही लावा."

"मित्र हसतील गं," आझरुल हळूच म्हणाला.

"हसू देत. सवय होते."

तासाभरात गाडी तयार झाली. फूंग जुने टायर मागच्या ढिगावर टाकायला निघाला, तर हस्लिंदाने त्याला थांबवलं. पुढचा उजवा तिला हवा होता.

"तो कशाला?" आझरुलने विचारलं.

"तुमच्या आईंकडे जेवायला जायचंय ना आता? सगळे भाऊ, वहिन्या असतील. त्यांना दाखवू या."

डिकी आझरुलच्या स्पीकरने भरलेली होती. तो टायर घेऊन मागचं दार उघडायला गेला.

"मागे मुलांच्या वह्या आहेत, काळ्या होतील," स्टिअरिंगमागे बसत ती म्हणाली. "मांडीवर घ्या."