काचेतला मेतोदी

"मामा, जुना काढून टाकू का?" क्रासिमिरने विचारलं.

मेतोदीने मान वरखाली हलवली. बल्गेरियातल्या त्यांच्या प्लोवदिवमध्ये त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो. पण भाचा वाढला व्हिएन्नात. त्याने बटण दाबलं आणि हिरव्या पट्ट्या नाचवणारा तो लाडका म्युझिक प्लेअर कॉम्प्युटरवरून पुसला गेला. बनवणाऱ्यांनी तर तो कधीच बंद केला होता. आता पुन्हा मिळायचा नव्हता.

"नवा टाकलाय की! जुन्याला काय सोनं लागलं होतं?"

"घरचाच उलटला, बाहेरच्यांना काय बोलू!" मेतोदी पुटपुटला.

भाचा गेल्यावर त्याने नवा लावून पाहिला. त्यातून आवाजच फुटेना. वैतागून तो खिडकीकडे वळला.

बाहेर अंधारून आलं होतं. काचेत त्याचंच स्वयंपाकघर उमटलं होतं; तेच टेबल, तोच कॉम्प्युटर. पण तिथल्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचत होत्या, आणि समोरचा मेतोदी डोळे मिटून, टेबलावर बोटांनी ठेका धरून ऐकत होता.

इकडे मेतोदीचे हात मांडीवर होते.

"मलाही ऐकू दे की रे," तो काचेला म्हणाला.

काचेतल्याने डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली. सावकाश, वरखाली.