काळी टेप

महिनाभर वायरमनच्या गाडीत टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा पेटायचा. पंक्चरवाल्याने चारही चाकं तपासली. “सगळी ठणठणीत आहेत, दिव्याचंच डोकं फिरलंय!” वायरमनने दिव्यावर काळी टेप डकवली, कटकट मिटली. आईचंही तेच. “आत काहीतरी बिनसलंय रे,” म्हणायची. चार तपासण्या झाल्या, चारही नॉर्मल. “आता कुरकुर पुरे,” तो खेकसला होता. आज बायकोचा फोन आला, “आईंना हॉस्पिटलात आणलंय. लवकर या, सारख्या दाराकडे बघताहेत.” निर्जन रस्त्यावर गाडी जीव खाऊन पळवताना मागचा टायर फुटला. त्याने डिकीतून स्टेपनी ओढली. ती धप्पकन पडली, हवाच नव्हती. सेन्सर हिच्यातही होता, दिवा महिनाभर हिच्यासाठीच ओरडत होता. पाचव्या चाकाकडे कुणी बघितलंच नव्हतं. पुन्हा फोन वाजला. “अहो, आता सावकाश या.” त्याने नखाने टेप उचकटली. खाली दिवा पेटलेलाच होता.