आरशावरची टिकली

संस्थेच्या ताईंनी मदतीच्या आवाहनाचं पत्रक वाचून दाखवलं, तेव्हा राजव्वाला स्वतःलाच रडू फुटलं. विड्या वळून सोललेली बोटं, गळका पत्रा, शिकायची हौस असलेली लेक, सगळं तिचंच होतं. फक्त तिचा नवरा त्यात दारू पिऊन मेला होता.

"आवो ताई, ते कारखान्यात गेल्यात कामाला," ती डोळे पुसत म्हणाली.

"अगं, वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे. धडधाकट नवरा असलेल्या बाईसाठी कोण खिशात हात घालतं?"

ताईंचं खरं ठरलं. लेकीच्या कॉलेजची सोय झाली. मग एक दिवस निरोप आला की देणगीदार घर बघायला येणार आहेत.

त्या सकाळी अंबादासनं स्वतःच्या हातानं बायकोच्या कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवली. मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं. "पोरीचं वर्ष वाया नको जायला," म्हणाला, आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसला.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी राजव्वाचा हात हातात घेतला, भिंतींवरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "तुमच्या यजमानांचा एखादा फोटोसुद्धा नाही का?"

राजव्वाची मान वर होईना. तेवढ्यात दारातून अंबादासचा आवाज आला.

"मी शेजारी हाय, बाई. फोटो काढायची ऐपत नव्हती त्याची."

जायला वळलेला तो उंबऱ्याशी थांबला.

"पण दारू पीत नव्हता तो."