धाप

पातूरच्या रस्त्यावर रोज पहाटे पळवून पळवून अंकुशनंच कुलदीपला पोलीस भरतीसाठी तयार केलं. कुलदीप लागला. अंकुश मात्र दर भरतीत छातीच्या मापातच बाद झाला. धावायची पाळीच आली नाही त्याची. पुढं तो गाव सोडून कुठं गेला, कुणालाच कळलं नाही.

आज अकोल्याच्या भाजीबाजारात एका बाईच्या गळ्यातली पोत ओढून, तोंडाला दुपट्टा बांधलेला चोर पळाला. कुलदीप मागं धावला खरा, पण बंदोबस्तातल्या आलूबोंड्यांनी सुटलेलं पोट आडवं आलं. अंतर वाढत चाललं तसा त्याचा जीव कासावीस झाला. तोंड वासून तो धापा टाकू लागला.

 

चोर मागं न पाहताच ओरडला, "तोंडानं दम नोको घेऊ बे! कितीदा सांगतलं तुले, नाकानं घे!"